खडूसारखा पांढरा डाग

मित्रांनो, आरशासमोर उभे राहा आणि मोठ्ठा 'आ' करा! दातावर खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसतोय? कीड सुरू होते ती अशी, गुपचूप. दुखत तर मुळीच नाही! तोंडातले जंतू गोडापासून आम्ल तयार करतात आणि त्यात दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळतं. एवढ्यावरच फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा घासलं, येता-जाता चॉकलेट-बिस्किटं चरणं थांबवलं, तर कवच पुन्हा भरून येऊ शकतं. खड्डा पडला, की मात्र डॉक्टरच हवेत. कीड नसेपर्यंत पोचली की ठणका, गळू, सुजलेला गाल!

आणि आईबाबा, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून 'दुधाचीच असेल, पडेल' असं वाटतं. ती कायमची असते!