ब्लॉकचेनवरची साठवण कंपन्यांच्या उपयोगाची कशी होईल?

मंडळी, मागच्या वेळी आपण ब्लॉकचेन म्हणजे काय ते पाहिलं. आज पुढचा प्रश्न घेऊ. हजारो अनोळखी लोकांच्या यंत्रांवर एखादी बँक किंवा रुग्णालय आपली माहिती ठेवू शकेल का?

मुळात हे करायचंच कशाला? 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि तिथली एक अख्खी इमारत जळाली. मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही तिथंच असलेल्या काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. सगळी भिस्त एकाच जागेवर ठेवली की हा धोका आलाच.

आता एक गैरसमज दूर करू. फाइल स्वतः ब्लॉकचेनवर जात नाही. साखळीवरची नोंद जाळ्यातल्या असंख्य यंत्रांवर उतरते. तिथं एक्स-रे ठेवायचे म्हटलं तर खर्च परवडणारच नाही. फाइल बाहेरच राहते. साखळीवर असतो तो हिशेब: करार, पुरावे आणि फाइलचा हॅश. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेल्या फाइलकॉइनमध्ये साठवण करणाऱ्याला तारण ठेवावं लागतं. माहिती आपल्याकडे आहे याचा पुरावा त्याला दर 24 तासांनी द्यावा लागतो. पुरावा चुकला की दंड. म्हणजे विश्वासाच्या जागी तपासणी आली. पण त्यासाठी माहिती 32 किंवा 64 जीबीच्या खणांत सीलबंद करावी लागते आणि त्या कामाला काही तास लागतात. वेगळी उघडी प्रत ठेवली नसेल, तर परत काढायलाही वेळ जातो. जुन्या दप्तरासाठी हे चालेल. काउंटरवर ग्राहक उभा असताना नाही चालणार.

स्टोर्जची वाट वेगळी आहे. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका रचनेत माहिती आधी कुलूपबंद करून तिचे 80 भाग करतात. त्यातले कोणतेही 29 मिळाले की मूळ माहिती उभी राहते. म्हणजे 51 यंत्रं बंद पडली तरी चालतं. जागा लागते मूळच्या सुमारे पावणेतीन पट. याउलट तीन पूर्ण प्रती ठेवल्या तर तिप्पट जागा जाते आणि दोनच प्रती गमावण्याची मुभा राहते. इथं ब्लॉकचेनचा उपयोग मुख्यतः यंत्रमालकांना मोबदला देण्यापुरता आहे. कोणता भाग कुठं आहे याचा नकाशा मात्र वेगळ्या सर्व्हरवर असतो. त्यामुळे हा नकाशा कोण सांभाळतं, हा प्रश्न कंपनीनं विचारायलाच हवा.

मग कंपनीच्या दृष्टीनं काय काय लागतं? पहिलं, ओळखीचं दार. अॅमेझॉनची एस-थ्री सेवा 2006 पासून आहे आणि असंख्य सॉफ्टवेअर तिचीच भाषा बोलतात. नव्या साठवणीलाही ती भाषा यावी, म्हणजे प्रोग्राम नव्यानं लिहावे लागत नाहीत. दुसरं, बिल. टोकनचा भाव रोज वरखाली होतो. लेखा विभागाला ठरलेल्या चलनातलं, आधी अंदाज करता येईल असं बिल हवं.

तिसरं, जागा. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2018 मध्ये पेमेंटची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हा आपले भाग कोणत्या देशातल्या यंत्रांवर जावेत, हे ठरवण्याची सोय हवीच. चौथं, पुसणं. भारताच्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे आणि साखळीवरची नोंद तर पुसता येत नाही! म्हणून व्यक्तीची माहिती साखळीवर टाकायचीच नाही. बाहेरची माहिती कुलूपबंद ठेवायची आणि वेळ आली की ती पुसून किल्लीही नष्ट करायची.

पण हीच किल्ली चुकून हरवली तर? मग 80 च्या 80 भाग शाबूत असूनही उपयोग शून्य. तेव्हा किल्ल्या कोण सांभाळणार, त्यांची दुसरी प्रत कुठं राहणार, हे करार करण्याआधीच लिहून ठेवावं.

सुरुवात जुन्या बॅकअपच्या आणखी एका प्रतीपासून करावी. ती प्रत दर काही महिन्यांनी परत आणून, उघडून, वेळ मोजून पाहावी. ठेवलेलं परत येतं, हे स्वतः पाहिल्यावरच पुढची माहिती तिकडं हलवावी.