पाण्यात म्हैस, वर मोल!



कोकणातल्या आमच्या आजोबांच्या तोंडी एक म्हण नेहमी असायची: "पाण्यात म्हैस, वर मोल." म्हैस डोहात डुंबत बसलेली, तिचे फक्त डोके दिसते आहे, पाय कसे आहेत, कास कशी आहे हे कुणी पाहिलेले नाही, आणि काठावर उभे राहून दोघे तिची किंमत ठरवत आहेत! वस्तू न पारखता सौदा करू नये, हा या म्हणीचा अर्थ. ही म्हण आम्हाला लहानपणापासून पाठ होती. तिचा खरा अर्थ मात्र परवा वेल्समध्ये, एका तळ्याच्या काठी कळला. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या घरी दोन मुले. थोरली चौदा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा. स्कॉटलंडच्या सहलीत डोंगरउतारावरून एक विचित्र गाडी येताना त्यांनी पाहिली. सहा गुबगुबीत चाके आणि वर टबासारखे अंग. ती चिखलातून आली, ओढ्यात शिरली, तरंगत पलीकडे गेली आणि पुन्हा काठावर चढली. झाले! "बाबा, आपण घेऊया ना!" हा धोशा सुरू झाला.

ही गाडी म्हणजे 'आर्गो'. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९६७ पासून ती बनते. ब्रिटनमध्ये तिला 'आर्गोकॅट' म्हणतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात शिकार केलेले हरीण खाली आणायला पूर्वी डोंगरी तट्टे वापरत. पुढे बऱ्याच ठिकाणी ते काम या गाडीकडे आले. नवी गाडी आपल्या आवाक्याबाहेरची, म्हणून दुसऱ्या एका मराठी कुटुंबाबरोबर भागीदारीत जुनी घ्यायचे ठरले.

ती चिखलात रुतत का नाही?

साध्या मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण ३० पौंड असतो. या गाडीच्या चाकांत तो ३ पौंडांच्या आसपास, म्हणजे दहावा हिस्सा. चाक जमिनीवर जवळपास तेवढ्याच दाबाने टेकते. हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१० ग्रॅम भार येतो. आता ७० किलोचा माणूस चालताना एका पायावर उभा असतो तो क्षण घ्या. त्याचे पाऊल सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ३५० ग्रॅम भार पडतो. म्हणजे माणसाचा पाय रुतेल तिथूनही ही गाडी निघून जाते. तिला स्प्रिंगा नसतात. गचके सोसायचे काम ही मऊ चाकेच करतात.

ती वळते कशी?

पुढची चाके वळवून नव्हे! बैलगाडी डावीकडे वळवायची असेल तर गाडीवान डावा बैल आवरतो आणि उजवा चालू देतो. इथेही तसेच. एका बाजूची तिन्ही चाके साखळ्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. डाव्या बाजूला ब्रेक लावला की डावी चाके थबकतात, उजवी फिरत राहतात आणि गाडी डावीकडे वळते.

ती तरंगते कशी?

हे आर्किमिडीजचे काम. गाडी ४५० किलोची आणि आत २५० किलोची माणसे व सामान असेल, तर एकूण ७०० किलो झाले. तिने ७०० लिटर पाणी बाजूला सारले की ती तरंगते. पोकळ अंग आणि फुगलेली चाके मिळून ते करतात. चाकांवरच्या खाचा वल्ह्यांसारखे पाणी मागे ढकलतात, पण वेग जेमतेम माणसाच्या चालण्याइतका. पाण्यात नेण्याचे वजन जमिनीपेक्षा कमी ठरवलेले असते, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आणि आमची फजिती

जाहिरात पाहून आम्ही पहिली गाडी बघायला गेलो. धुऊन पुसून लख्ख केलेली. किल्ली फिरवताच सुरू झाली. आम्ही इंजिनियर, त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकूनच खूश! खिशात पैसे तयार होते. तेवढ्यात थोरली म्हणाली, "बाबा, ही पाण्यातली गाडी आहे ना? मग पाण्यात घालून बघूया की."

विकणाऱ्याला ते फारसे रुचले नाही, पण तो तयार झाला. त्याच्याच शेतात गुडघाभर पाण्याचे तळे होते. गाडीला दोर बांधून ती पाण्यात सोडली. दहा मिनिटांनी बाहेर ओढली आणि आतली फळी उचलली, तर तळाशी पाणी! डब्याने उपसले तेव्हा दोन बादल्या भरल्या, म्हणजे वीस लिटर. मागच्या डाव्या आसाजवळचे रबरी सील गेले होते.

घरी येताना मुलांनी गाडीतच हिशेब केला. दहा मिनिटांत वीस लिटर, म्हणजे तासाला १२० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे तासाभरात दोन मोठी माणसे न सांगता गाडीत येऊन बसल्यासारखे! त्यात गाडी जसजशी खाली बसते तसतसे ते सील आणखी खोल जाते आणि पाणी अधिक जोराने आत येते. शिवाय आतले पाणी एका बाजूला डचमळले की गाडी कलंडते. हे खोल तळ्याच्या मध्यावर, मुले आत असताना झाले असते तर? त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही.

मग काय काय पारखावे?

दुसरी गाडी पाहताना आम्ही यादी करूनच गेलो. ती अशी:

१. बोनेटवर हात ठेवून पाहा. इंजिन आधीच गरम असेल, तर थंड असताना ते सुरू व्हायला कुरकुरते की काय अशी शंका घ्यावी.

२. गाडी जॅकवर उचलून भक्कम ठोकळ्यांवर ठेवा आणि प्रत्येक चाक हलवून पाहा. खडखडले तर बेअरिंग झिजले आहे.

३. गिअरपेटीतले तेल पाहा. ते ताकासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी गेले आहे.

४. सर्व साखळ्या पाहा. फार सैल, गंजलेली किंवा टोकदार दात्यांच्या चक्रावरची साखळी बदलावी लागेल.

५. सहाही टायर एकाच मापाचे हवेत. साखळीने बांधलेली चाके एकाच गतीने फिरतात. त्यांत एक लहान असेल तर ते घासत राहते आणि साखळीवर ताण येतो.

६. विजेरी घेऊन अंगाच्या खालच्या बाजूच्या भेगा शोधा. पाणी सोडायच्या भोकाचे बूच आणि पाणी उपसणारा पंप आहे ना, ते पाहा.

७. मूळ पावती मागा आणि गाडीवरचा क्रमांक तिच्याशी ताडून पाहा. अशा गाड्या इथल्या शेतांवरून चोरीला जातात. म्हणूनच २०२३ मध्ये नव्या गाड्यांच्या चोरीप्रतिबंधासाठी वेगळा कायदा झाला.

८. शेवटी, दोर बांधून उथळ पाण्यात तरंगवून पाहा!

चालवायची कुठे?

हे आधी ठरवावे, गाडी नंतर घ्यावी. १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार सार्वजनिक पायवाटेवर किंवा घोडेस्वारांच्या वाटेवर परवानगीविना मोटारगाडी चालवणे हा गुन्हा आहे. सर्व वाहनांना खुल्या असलेल्या 'बायवे'वर जाता येते, पण त्यासाठी गाडी रस्त्यासाठी नोंदवलेली आणि विमा उतरवलेली लागते. अशा जुन्या गाड्या बहुधा तशा नसतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने सर्वांना रानावनात फिरायचा हक्क दिला, पण मोटारीने नव्हे. म्हणजे उरते ती खासगी जमीन, तीही मालकाच्या परवानगीने. आम्ही वेल्समधल्या एका शेतकऱ्याशी तसे ठरवून घेतले आहे.

आता घरातला नियम. इथे शेतीकाम चालू असताना ट्रॅक्टरसारख्या यंत्रांवर १३ वर्षांखालील मुलांना बसवू नये असा नियम १९९८ पासून आहे. आमची सहल म्हणजे शेतीकाम नव्हे. तरी जे कसलेल्या शेतकऱ्याला धोक्याचे वाटते, ते आम्हा नवशिक्यांना सुरक्षित कसे? म्हणून चालवायचे मोठ्यांनीच. थोरली शेजारी बसते, डोक्याला हेल्मेट आणि पाण्यापाशी जीवरक्षक जाकीट घालून. धाकटा आईबरोबर काठावर थांबतो. तो दोन दिवस फुरंगटून बसला होता. अखेर त्याला गाडी निघण्यापूर्वी बूच घट्ट आहे का ते तपासायचे काम दिले. तो "बूच ठीक!" असे ओरडल्याशिवाय आमची गाडी हलत नाही.

मुलांनो, पुढच्या शनिवारी वर्गात यांची उत्तरे सांगा:

१. गाडी ४८० किलोची आणि आत ६० किलोची तीन माणसे. तरंगायला किती लिटर पाणी बाजूला सारावे लागेल?

२. उजवीकडे वळायचे असेल तर कोणत्या बाजूची चाके थांबवाल?

३. म्हणीत म्हैसच का आहे, गाय का नाही? (आजीला फोन करून विचारले तरी चालेल!)