मोटारीचीं फडकीं

देवघरांतील वस्त्र आणि चुलीजवळचें फडकें आपण एका खुंटीस टांगीत नाहीं. मोटारीच्या फडक्यांस मात्र हा विवेक लावावयाचें सुचत नाहीं. एकत्र कुटुंबांत ज्याच्या हातीं जें लागेल, तेंच तो गाडीवर फिरवितो. आमच्या घरीं असेंच झालें. चाकें पुसलेलें फडकें पुतण्यानें मोठ्या उत्साहानें बॉनेटवर फिरविलें आणि त्यांतील वाळूच्या कणांनीं नव्या रंगावर ओरखडे उमटले. फडक्यांची जागाच ठरलेली नव्हती, तेथें मुलास काय बोलावें?

तेव्हां आम्हीं झांकणाचे तीन डबे केले: निळीं फडकीं रंगासाठीं, पिवळीं आंतील भागासाठीं, करडीं चाकांसाठीं. मायक्रोफायबरचीं हीं फडकीं सुती कपड्यांबरोबर धुऊं नयेत. सुताचे तंतू त्यांत अडकतात. कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यानें त्यांची शोषणशक्ति घटते व फार उष्णतेनें धागे कडक होतात. पूर्ण वाळल्यावरच डब्यांत ठेवावीं. जमिनीवर पडलेलें फडकें धुतल्यावांचून रंगास लावूं नये. पॉलिशच्या बाटल्या उन्हापासून दूर व लहान मुलांच्या हातीं न लागतील अशा उंचीवर असाव्या.

डब्यांवर नांवें घालण्याचें काम आम्हीं पुतण्याकडेच दिलें. आतां डबा चुकला, तर तोच आम्हांस टोकतो!