ॲव्हरेज पडते तिथेच बिल फुगते

सेकंडहँड गाडी घेतलेल्या कुटुंबाच्या तक्रारी बहुधा दोनच असतात. गाडी सांगितले होते तेवढे ॲव्हरेज देत नाही, आणि गॅरेजचे बिल दर वेळी अंदाजाच्या पुढे जाते. या दोन तक्रारींचे खापर मात्र वेगवेगळ्या डोक्यांवर फुटते. ॲव्हरेजसाठी कंपनीला, पेट्रोलपंपाला किंवा हल्ली इथेनॉलला बोल लावला जातो, आणि बिलासाठी गॅरेजवाल्याला. बॉनेटखाली काय चालते ते नीट पाहिले तर ही वाटणी फारशी टिकत नाही. इंधन जास्त जाणे आणि सुट्टे भाग निकामी होणे ही पुष्कळदा एकाच बिघाडाची दोन रूपे असतात. आधीच्या मालकाने टाळलेल्या देखभालीचा पहिला हप्ता नवा मालक पंपावर भरत असतो आणि उरलेली थकबाकी गॅरेजमध्ये. पडलेल्या ॲव्हरेजवर नुसती चडफड करण्यापेक्षा ते वाचायला शिकले, तर पुढचे मोठे बिल बऱ्याच वेळा टळू शकते.

त्यासाठी जी तूट बिघाडाची नाहीच, ती आधी बाजूला काढली पाहिजे. जाहिरातीतला आकडा खोटा असतो हा आपल्याकडचा लाडका समज. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्था तो आकडा प्रयोगशाळेत काढतात. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेगपत्रकाप्रमाणे ती सुमारे वीस मिनिटे चालवतात. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, सरासरी सुमारे ३२. तिथे एसी बंद असतो, चढ नसतो, मागच्या सीटवर तीन माणसे नसतात आणि डिकीत गणपतीला गावी न्यायचे सामानही नसते. या अटींत मिळालेला आकडा खराच असतो, फक्त तो दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी असतो. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ सालच्या वाहतूक अहवालानुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटे लागत होती, म्हणजे वेग ताशी जेमतेम अठरा. प्रयोगशाळेत बत्तीसच्या सरासरीने मिळालेला आकडा सिंहगड रस्त्यावर अठराच्या सरासरीत आणि एसी लावून मिळावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. शहरात पाव हिस्सा तूट आली तर गाडी आजारी समजू नये.

दुसरी तूट पेट्रोलची. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि ही घट कोणत्याही मेकॅनिकला भरून काढता येणार नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांचाच अंदाज होता. ई-२० ला धरून बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. सेकंडहँड बाजारातल्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. अशा काही गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. तेव्हा इथेनॉलवरचा राग अगदीच निराधार नाही. पण पंधराचे ॲव्हरेज अकरावर आले असेल, तर त्यातला एखादा किलोमीटर इथेनॉलचा धरावा. बाकीच्या तीन किलोमीटरांचा जाब गाडीलाच विचारायला हवा.

हे तीन किलोमीटर जातात कुठे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे थर्मोस्टॅट. मुठीत मावणारी ही झडप इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या पाण्याच्या वाटेवर बसलेली असते. इंजिन गार असताना ती बंद राहते, त्यामुळे ते लवकर तापते. पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपास गेले की उघडते. आता जुन्या गाडीत काय झालेले असते ते पाहा. कुणीतरी कूलंटचे पैसे वाचवायला नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतलेले असते. आपल्या पठारावरचे बोअरचे पाणी जड, त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतात. गाडी तापू लागते. रेडिएटर साफ करणे किंवा बदलणे खर्चाचे, म्हणून कोपऱ्यावरचा मेकॅनिक सोपा उपाय करतो आणि थर्मोस्टॅटच काढून टाकतो. ‘आपल्याकडे थंडी कुठे असते, त्याचा उपयोगच नाही,’ असे तो वर सांगतोही. शहरात गाडी तापायची थांबते आणि सगळे खूश होतात. पण आता पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत असल्याने इंजिन पुरेसे गरम होतच नाही. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ते अजून नुकतेच सुरू झाले आहे असे समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. इकडे रेडिएटर चोंदलेलाच असतो. मग मे महिन्यात पाच माणसे आणि एसी घेऊन गाडी खंबाटकी किंवा कसारा चढायला लागली की पाणी उकळते, हेड गॅस्केट जाते आणि इंजिन खोलावे लागते. कुटुंबाच्या मते गाडीने घाटात अचानक दगा दिला. वास्तविक ती कित्येक महिने प्रत्येक टाकीला सांगत होती.

ऑक्सिजन सेन्सरची गोष्ट याच जातीची. सायलेन्सरच्या नळीत बसलेला हा सेन्सर धुरात प्राणवायू किती उरला ते मोजतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. सेन्सर म्हातारा झाला की ईसीयू सावध पवित्रा घेऊन पेट्रोल जास्त सोडतो. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार निकामी ऑक्सिजन सेन्सरसारखा गंभीर दोष दूर केल्याने ॲव्हरेज चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असूनही गाडी ‘चालतेय ना’ म्हणून तशीच हाकली, तर जादा पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाजून निघतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात. काही वर्षांपूर्वी ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जात होते ते या धातूंपायीच. एका सेन्सरची टाळाटाळ अशा महागड्या भागावर जाऊन थांबते. ब्रेकचेही तसेच. कॅलिपरची पिन गंजून अडकली की पॅड डिस्कला कायम घासत राहतात. इंजिन ब्रेक ओढत गाडी पळवते, पेट्रोल जाते, पॅड जातात आणि मग डिस्क. याची तपासणी फुकट आहे. ब्रेक फारसा न मारता आठ-दहा किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न लावता तळवा धरा. एकच चाक जास्त तापलेले असेल तर तिथेच दुखणे आहे.

डिझेल गाडीबाबत फसगत आणखी खोल जाते, कारण ती घेतलीच जाते मुळी ॲव्हरेजसाठी. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये होते. तो काळ लोकांच्या मनातून गेलेला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि २०२५ मध्ये मुंबईत हा फरक तेरा-चौदा रुपयांवर आलेला होता. त्यातच एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सर्रास बसू लागला. साचलेली काजळी जाळायला धुराचे तापमान सहाशे अंशांच्या घरात जावे लागते. हमरस्त्यावर ते सहज होते. मुलांची शाळा, ऑफिस आणि भाजी एवढ्यावर फिरणाऱ्या गाडीत होत नाही. मग ईसीयू जादा डिझेल सोडून फिल्टर तापवायचा प्रयत्न करतो, तेवढ्यात घर येते आणि गाडी बंद होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डिझेल वाया जाते, काही ऑइलमध्ये मिसळते, फिल्टर चोंदतच राहतो. इथे गाडीत दोष नसतो, वापराची निवड चुकलेली असते. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर शहरात फिरणाऱ्या घराने जुनी बीएस-६ डिझेल गाडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे सेकंडहँड गाडीतच जास्त का दिसते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि म्हणून चांगल्या मालालाही पुरा भाव मिळत नाही. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे याचा परिणाम असा होतो, की ज्याने नेमाने कूलंट बदलले त्याला त्याचे पैसे गाडी विकताना सुटत नाहीत. भाव ठरतो तो रंग, सिंगल ओनर, टायर आणि मीटरवरचा आकडा यांवर. गाडी दोन वर्षांत काढायची आहे असे ठरवलेला माणूस मग आतल्या कामावर खर्च कशाला करील? तो पॉलिश करतो, सीटकव्हर बदलतो. स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या किमतीत हा न केलेला खर्च आधीच वजा झालेला असतो, पण घेणारा ती वजाबाकी स्वतःचा फायदा समजतो.

यावर काही आक्षेप येतील. पंपावर माप मारतात, भेसळ करतात, त्याचे काय? तसे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण तपासायला सोपे आहे. एकाच पंपावर टाकी फुल ते टाकी फुल असे मोजा, तीन टाक्यांनंतर पंप बदला. आकडा तिथेही तोच आला तर पंप निर्दोष. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो बऱ्याचदा उदार असतो. आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर चढवले असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवते आणि ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसते, हेही ध्यानात ठेवा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळीच बिले ॲव्हरेजमधून आधी कळत नाहीत. खरे आहे. सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर यांचे बिघाड ॲव्हरेजमध्ये सहसा दिसत नाहीत. टायमिंग बेल्ट तर तुटेपर्यंत चकार शब्द काढत नाही, आणि तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकवून जातो. मीटर मागे फिरवलेली गाडी इथेच घात करते, कारण बेल्ट किलोमीटरवर आणि वर्षांवर बदलायचा असतो. बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून किमतीतून तेवढी रक्कम कापून घ्यावी. उलट, ॲव्हरेजच्या नावाखाली गॅरेजवाले सगळ्यात आधी बदलतात त्या एअर फिल्टरने आधुनिक पेट्रोल गाडीत फारसा फरक पडत नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासले. चोंदलेल्या फिल्टरने पिकअप कमी झाला, पण ॲव्हरेज जवळपास तेच राहिले, कारण हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो.

तिसरा आक्षेप हिशेबी माणसाचा: दोन-तीन किलोमीटरसाठी एवढी शोधाशोध परवडते का? वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणारी गाडी पंधराऐवजी बारा देत असेल, तर वर्षात १६७ लिटर जादा पेट्रोल जाते. लिटरला १०३ रुपये धरले तर ते १७ हजारांच्या वर होते. थर्मोस्टॅट, कूलंट, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅलिपरची सर्व्हिसिंग ही कामे नेहमीच्या लहान गाड्यांत साधारण एवढ्या रकमेत बसतात, आणि टळलेल्या इंजिनकामाचा हिशेब यात धरलेलाच नाही. मग नवीच गाडी घ्यावी का? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने जुन्या-नव्यातले अंतर घटले आहे हे खरे. तरी नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वांत वेगाने उतरते, आणि वर कर्जाचे व्याज असते. जुनी गाडी घेणे अजूनही शहाणपणाचे आहे, फक्त सगळे पैसे खरेदीत संपवू नयेत. बजेट चार लाखांचे असेल तर साडेतीनची गाडी घ्यावी आणि पन्नास हजार पहिल्या सहा महिन्यांच्या कामासाठी ठेवावेत.

गाडी पाहायला जाताना स्वतःचा मेकॅनिक आणि ईसीयूतली माहिती वाचणारा ओबीडी स्कॅनर बरोबर न्या. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचा सॉकेट असतो. इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा आणि स्कॅनरवर पाण्याचे तापमान पाहत वीस मिनिटे फिरवा. आकडा सातत्याने चढून नव्वदच्या आसपास स्थिरावला तर ठीक. साठ-सत्तरवरच रेंगाळला, किंवा मोकळ्या रस्त्यावर खाली उतरू लागला, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे. ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती, म्हणजे स्कॅनरवरचा ‘फ्युएल ट्रिम’, सतत दहा टक्क्यांच्या पलीकडे असेल तर कारण शोधल्याशिवाय सौदा करू नका. ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण आहेत असे स्कॅनर सांगत असेल, तर चेक इंजिनचा दिवा नुकताच पुसलेला असण्याची किंवा बॅटरी काढलेली असण्याची शक्यता आहे. दोन दिवस गाडी चालल्यावर पुन्हा पाहायला या. आणि तुम्ही पोचण्याआधीच विक्रेत्याने गाडी सुरू करून गरम ठेवली असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पाहू द्यायला तो तयार नसेल, तर रंग कितीही आवडला तरी ती गाडी घेऊ नका.