विहीर खोदण्यापूर्वी खडक ओळखावा

सातारा व सांगली जिल्ह्यांतील माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत शेतकऱ्याची सारी भिस्त विहिरीवर असते. विहिरीस पाणी लागले नाही, तर कर्ज तेवढे शिल्लक राहते. म्हणून जमिनीखालील खडकाची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

विदर्भात चंद्रपूरकडे वालुकाश्म आढळतो. वाहून आलेल्या वाळूचे थर दाबले जाऊन तो बनला. त्याच्या कणांमधील पोकळीत पाणी साठू शकते. कृष्णाखोऱ्यातील काळ्या पाषाणाचे तसे नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त शिलारस वाहिला व थरावर थर थिजून हा खडक झाला. डोंगरउतारावर दिसणारे पायऱ्यांसारखे टप्पे या थरांचेच होत.

प्रत्येक थराचा मधला भाग बहुधा घट्ट असतो. त्यात पाणी असलेच, तर केवळ भेगांत असते. थराच्या माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनी छिद्रे पडलेली असतात. ती एकमेकांस जोडलेली असल्यास पाणी मिळते. पांढऱ्या खनिजांनी भरली असल्यास कमी मिळते. खडक झिजून झालेला मुरूम हा पाण्याचा चांगला साठा होय. दोन थरांमध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टा लागतो. तो ओला होऊन ढासळतो, म्हणून तेथे बांधकाम करावे.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. शेजारच्या विहिरींच्या भिंती व ओढ्याच्या दरडी पाहून मुरुमाची जाडी आणि भेगा यांची नोंद करावी.

२. उंचवट्यापेक्षा सखल व जाड मुरुमाची जागा पसंत करावी.

३. भेगा नसलेला घट्ट पाषाण लागल्यावर केवळ आशेने सुरुंग लावीत जाऊ नये. आधी जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

४. पाझर तलाव मुरुमाच्या अथवा भेगाळ जागी घ्यावा. उघड्या घट्ट कातळावर पाणी मुरत नाही.

निघालेला दगडही वाया घालवू नये. घट्ट पाषाण विहिरीचे बांधकाम, बांधाचे पिचिंग व खडी यांस उत्तम. मुरूम शेतरस्त्यास उपयोगी पडतो.

ग्रामसेवकांनी गावातील विहिरींची खोली, लागलेले थर व वैशाखातील पाण्याची पातळी यांची नोंदवही ठेवावी. एका विहिरीचा अनुभव असा लिहून ठेवला, तर दुसऱ्याचा खर्च वाचतो.