न आलेल्या ओटीपीचा माग

८ मार्च २०२१ रोजी भारतभर ओटीपी येईनासे झाले. बँकांचे व्यवहार अडले आणि कोविनवर लसीकरणासाठी नाव नोंदवणारे लोक मोबाईलकडे बघत बसले. फोन ठीक होते, टॉवरही चालू होते. व्यापारी संदेशांची चाळणी करणारी नवी व्यवस्था त्या दिवशी पूर्णपणे लागू झाली होती, आणि ज्या कंपन्यांनी आपल्या संदेशांचे मसुदे नीट नोंदवले नव्हते त्यांचे ओटीपी तिने वाटेतच रोखले. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक ट्रायने ही चाळणी सात दिवसांसाठी थांबवली.

क्रिप्टो एक्स्चेंजमधून बिटकॉइन बाहेर काढताना ओटीपी आला नाही की माणूस जरा जास्तच घाबरतो, आणि ते साहजिक आहे. बँकेत चूक झाली तर निदान तक्रार करायला कुणी असते. ब्लॉकचेनवर एकदा पक्का झालेला व्यवहार उलटवणारा अधिकारीच नसतो. म्हणून एक्स्चेंज पैसे बाहेर जाताना सर्वांत कडक तपासणी करतात. एक ओटीपी ईमेलवर येतो, एक मोबाईलवर, कधी त्याऐवजी ऑथेंटिकेटर ॲपमधला मागतात. तिन्ही दिसायला सारखे, पण त्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या. आपला नेमका कोणता आला नाही, हे सर्वांत आधी पाहावे.

एसएमएसची वाट सर्वांत लांब. एक्स्चेंज तो मजकूर घाऊक मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे देते आणि ती मोबाईल कंपनीकडे. तिथे डीएलटी नावाच्या नोंदवहीशी तो ताडून पाहतात: पाठवणाऱ्याचे नाव नोंदलेले आहे का, मजकूर मंजूर साच्यात बसतो का. बसला नाही तर मेसेज तिथेच संपतो आणि ग्राहकाला काहीच कळत नाही. बसला, तर कंपनीचे एसएमएस केंद्र नेटवर्कच्या नोंदींत विचारणा करते की हा नंबर या घडीला कोणत्या भागात आहे, आणि त्या भागातल्या टॉवरमार्फत मेसेज फोनवर येतो. फोन बंद असेल किंवा घाटात रेंज गेली असेल, तर केंद्र मेसेज जपून ठेवते, आणि या नंबरचे काही देणे बाकी आहे अशी खूण नेटवर्क करून ठेवते. फोन पुन्हा दिसला की मेसेज निघतो. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस गेला, तेव्हापासून या पद्धतीचा गाभा बदललेला नाही.

फोन विमान मोडवर टाकून परत काढा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागचे कारण इथे सापडते. तसे केल्याने फोन आपला पत्ता नेटवर्कला नव्याने कळवतो आणि अडकलेला मेसेज सुटू शकतो. त्याआधी आणखी एक चाचणी घ्यावी: बँकेचा किंवा दुसऱ्या कुठल्या ॲपचा ओटीपी मागवून पाहावा. तो लगेच आला, तर आपला फोन बहुधा निर्दोष आहे. मग ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी आणि स्पॅम कप्पा तेवढा बघायचा आणि एक्स्चेंजला ॲपमधूनच कळवायचे. ‘पुन्हा पाठवा’ मात्र सारखे दाबू नये. बहुतेक ठिकाणी नवा ओटीपी निघाला की जुना बाद होतो; उशिरा पोचलेला जुना आकडा टाकून ‘चुकीचा ओटीपी’ असे उत्तर मिळते आणि काही प्रयत्नांनंतर खातेच थोडा वेळ बंद होते.

सिम नुकतेच बदलले असेल, तर भारतात पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. हा बिघाड नाही. दुसऱ्याने तुमच्या नावावर डुप्लिकेट सिम काढले, तर मेसेज लगेच त्याच्या हाती पडू नयेत म्हणून मुद्दाम ठेवलेला हा अवधी आहे. आपण सिम बदललेले नसताना फोनची रेंज अचानक गेली आणि ओटीपीही थांबले, तर एक क्षणही वाट पाहू नये. दुसऱ्या फोनवरून मोबाईल कंपनीला आणि एक्स्चेंजला कळवावे, पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करावी. ही भीती पोकळ नाही. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या एक्स खात्याशी जोडलेला नंबर असाच सिम बदलून पळवला गेला. त्या खात्यावरून बिटकॉइन ईटीएफला मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा झाली आणि भाव उसळला. खरी मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

ईमेलबद्दल थोडक्यात: स्पॅम आणि जाहिरातींचे कप्पे बघा. काही मेल सर्व्हर अनोळखी प्रेषकाची मेल पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवतात आणि ती पुन्हा आली तरच घेतात, म्हणून काही मिनिटांचा उशीर होतो.

ऑथेंटिकेटर ॲपचा ओटीपी मात्र कुठूनही येत नाही, आणि या विषयातले खरे आश्चर्य मला इथे दिसते. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. तीच एक्स्चेंजच्या सर्व्हरकडे असते. पुढे ओटीपी ठरवण्यासाठी दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद गेले ते दोघेही आपापले मोजतात, ३० ने भागतात, आणि आलेला पूर्णांक किल्लीसह एचमॅक नावाच्या गणिती क्रियेत घालतात. त्यातून सहसा २० बाइट निघतात. शेवटच्या बाइटमधले चार बिट सांगतात की त्यांतले कोणते सलग चार बाइट उचलायचे. त्यांचा पहिला बिट वगळून जी संख्या बनते तिला दहा लाखांनी भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे आपला सहा अंकी ओटीपी. नांदेडमधला फोन आणि सिंगापूरमधला सर्व्हर एकाच वेळी एकच आकडा काढतात. फोनला इंटरनेटही लागत नाही. ही रीत २०११ साली आरएफसी ६२३८ या दस्तऐवजात नोंदली गेली. एकदाच वापरायच्या पासवर्डांची गणिती साखळी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्येच मांडली होती.

इथे नेहमीचा दोष घड्याळाचा. फोनची वेळ हाताने लावलेली असेल आणि दोन मिनिटे पुढेमागे असेल, तर प्रत्येक आकडा चुकीचा ठरतो. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ ‘स्वयंचलित’ करावी. दुबईत गेल्याने काही बिघडत नाही, कारण हिशेब ग्रिनिचच्या वेळेने चालतो. भारतीय नंबरवरचा एसएमएस मात्र तिथे रोमिंग बंद असेल तर अडतो. क्रिप्टो ठेवणाऱ्याने एसएमएसवर विसंबू नये, ऑथेंटिकेटर वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याची एकच मोठी अडचण आहे. फोन हरवला आणि किल्ली दुसरीकडे जपलेली नसली, तर आकडा काढणारे कुणी उरत नाही. म्हणून क्यूआर कोडसोबत दिसणारी किल्ली किंवा बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवावेत. ते नसतील तर ओळखपत्र दाखवून ऑथेंटिकेटर रद्द करून घ्यावा लागतो. ही विनंती एक्स्चेंजच्या ॲपमधूनच करावी. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर लावला, की स्क्रीन शेअर करायला सांगणारा भामटा भेटण्याची मोठी शक्यता असते. रद्द करून नवा ऑथेंटिकेटर जोडल्यावर अनेक एक्स्चेंज एक-दोन दिवस पैसे काढणे बंद ठेवतात. तेवढ्या वेळात ओटीपी अगदी बरोबर असला तरी व्यवहार पुढे जात नाही, आणि त्याबद्दल तक्रार करून उपयोग नसतो.