खेळण्यांची पिशवी खिळ्याला

१० बाय १०च्या खोलीत खेळण्यांना कपाट कुठून आणणार? आम्ही भाजीची जाळीची पिशवी खिळ्याला टांगली. खेळणी धुऊन त्यातच टाकतो. पाणी निथळतं, ओल धरत नाही. खाली पसारा नसला की झाडू नीट फिरतो.

घरात रांगतं मूल असेल, तर दुसरी पिशवी हवीच. थोरल्याचे मणी, गोट्या, तुटलेली चाकं त्यात घालून ती उंच टांगायची. तीन वर्षांखालचं पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं.

आम्हाला खरी धास्ती वाटते ती बटण-सेलची. जयंतीच्या मेळ्यातून पोरं लुकलुकणारी खेळणी आणतात, त्यात हा असतो, रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान. अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत आतून भाजतो. संपलेला सेलसुद्धा! सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल, तर ते खेळणं लहानग्याला देऊच नका. काढलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळा.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, केळं-भात भरवू नका, सकाळची वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेलं मोठं सरकारी रुग्णालय गाठा. तसाच दुसरा सेल घरात असेल, तर डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.